बंद चिरेखाण: खड्डा बुजवायच्या आधी काय मोजायचं

कोकणातली चिरेखाण, म्हणजे जांभ्या दगडाचे चिरे (बांधकामाचे ठोकळे) कापायची खाण, बंद झाली की जमीनमालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा खड्डा भरायला किती डंपर लागतील? या प्रश्नापासून सुरुवात केली की हिशेब शेवटपर्यंत चुकतच जातो. खाणीतून गेलेले चिरे कुणाच्या तरी घराच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात बसलेत. डोंगराचा तेवढा भाग परत येणार नाही. मागे उरलंय ते डबर (फुटक्या दगडाचे तुकडे), मुरूम आणि नशीब असेल तर थोडी माती. तेव्हा आधी दोनच गोष्टी शोधायच्या: हाताशी कसला माल किती आहे, आणि पावसाचं पाणी कुठून येऊन कुठे जातं. बाकी सगळं त्यावरून ठरतं.

डोंगराळ भागात गाळातून सोनं किंवा कथील धुऊन काढतात, त्या खाणींचं दुखणं निराळं असतं. तिथे प्रत्यक्ष माल चिमूटभर जातो, खडी-वाळू जवळपास सगळी जागेवरच राहते. पण धुण्यात बारीक माती वेगळी होऊन वाहून जाते आणि ओढ्याचं पात्र उलथंपालथं होतं. कोकणात त्याच्या जवळ जाणारं उदाहरण म्हणजे कणकवली तालुक्यात कासार्डे भागातली सिलिका वाळू. ती धुतल्यावर उरणारा पिठासारखा गाळ हाच तिथला मुख्य प्रश्न. चिऱ्याच्या खाणीत खड्डा मोठा आणि गाळ त्या मानाने कमी. मोजायची रीत मात्र फारशी बदलत नाही.

कधी जायचं, काय न्यायचं

एका फेरीत हे काम होत नाही. पहिली फेरी ऑक्टोबरच्या शेवटी, गवत उभं असताना: कुठे आपोआप उगवतंय आणि कुठे अजून उघडा कातळ आहे ते तेव्हाच दिसतं. दुसरी मे महिन्यात, आगोटीच्या म्हणजे पावसाळा लागायच्या आधी. मोजमापं सगळी तेव्हा, कारण खड्डा कोरडा असतो. तिसरी जुलैत, सलग दोन दिवस पाऊस लागलेला असताना. लोक तिसरी फेरी टाळतात आणि नेमकं तिथेच फसतात. मे महिन्यात शहाण्यासारखा वागणारा खड्डा जुलैत काय करतो, ते कागदावर कळत नाही.

सामान साधं आहे. 30 मीटरचा टेप, गवंड्याची लेव्हलची नळी, मोबाइलवरचं उतार मोजायचं ॲप, 12 मिमीची टोकदार सळी, फावडं, घमेलं, वाळू चाळायची चाळण, झाकणाच्या पारदर्शक बाटल्या, ऑइलपेंट आणि ब्रश. ड्रोनवाला मिळाला तर उत्तम, पण वीस-तीस गुंठ्यांच्या खाणीला त्याची गरज नाही.

त्याआधी कागद. सातबारा, मोजणीचा नकाशा आणि खाणपट्ट्याचा किंवा तात्पुरत्या परवान्याचा आदेश, असे तिन्ही एकत्र ठेवून पाहा. कोकणात जमीन सामाईक असण्याची शक्यता मोठी, आणि परवाना एका गटाचा असताना खड्डा शेजारच्या गटात दोन-तीन मीटर शिरलेला असणं काही नवलाचं नाही. हद्दीच्या खुणा सापडत नसतील तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. दुसऱ्याच्या जमिनीवर उतार काढायला तुमचा पोकलेन गेला तर काम तिथेच थांबेल. पर्यावरण मंजुरी असेल तर तिच्या अटी नीट वाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2020 च्या आदेशानंतर खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत आणण्याची, चारा आणि झाडोरा वाढेल अशी ती करण्याची अट मंजुऱ्यांत येते. अशी अट असेल तर तो खर्च पट्टेदाराचा, तुमचा नव्हे.

खड्ड्याची खोली भिंतीवर लिहिलेली असते

मशीनने कापलेल्या खाणीची भिंत जवळून पाहा. सगळ्यात वर वितभर काळपट-तांबडी माती, बहुतेक ठिकाणी तीही नाही. खाली काळवंडलेला टणक कातळ. मग चिऱ्याचा जाड थर, त्यात बोट जाईल एवढ्या वेड्यावाकड्या नळ्या, नळ्यांत पिवळट माती अडकलेली. या थरावर पात्याच्या आडव्या रेघा एकाखाली एक दिसतात. एका थराची उंची टेपने मोजा आणि मग नुसते थर मोजत खाली या. साडेसात इंचांचे 32 थर म्हणजे 240 इंच, 20 फूट, म्हणजे 6.1 मीटर. कड्यावरून वाकून टेप सोडायची गरज पडत नाही, आणि तसं करूही नये.

चिऱ्याच्या थराखाली भिंत मऊ, पांढरट-जांभळट, साबणासारखी गुळगुळीत दिसायला लागली तर थांबा. जांभ्याखालची ती चिकणमाती. खाणीचा तळ तिथपर्यंत गेला असेल तर नकाशावर त्या जागी ठळक खूण करा. खड्ड्याचं पाणी, कडा आणि खालच्या विहिरी या तिन्हींचा संबंध त्या मातीशी येतो. तिथे आणखी खोदायचं नाही, अगदी झाडाच्या खड्ड्यासाठीसुद्धा.

तळाचा आकार दर 10 मीटरला आडवा टेप टाकून काढा. दोन लगतच्या छेदांच्या क्षेत्रफळाची सरासरी गुणिले मधलं अंतर, अशी बेरीज करत गेलं की घनफळ मिळतं. पुढे उदाहरणासाठी 45 बाय 45 मीटरचा, म्हणजे जवळपास 20 गुंठ्यांचा आणि सरासरी 6 मीटर खोल खड्डा धरू. घनफळ झालं साधारण 12,100 घनमीटर. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर, तेव्हा हा खड्डा सुमारे 4,275 ब्रासचा.

आता रॉयल्टीची पावती-वही मागवा. 14 बाय 9 बाय 7 इंचाचा चिरा धरला तर 1 घनमीटरला 69 चिरे बसतात. (माप गावागणिक बदलतं, आधी चार चिरे मोजून घ्या.) वहीत 5 लाख चिरे असतील तर 7,200 घनमीटर दगड बाहेर गेला. उरले 4,900. दगड फुटला की फुगतो, सैल ढिगात साधारण 30 टक्के जास्त जागा घेतो. म्हणजे जागेवर 6,400 घनमीटरच्या आसपास, 2,260 ब्रास डबर-मुरूम दिसायला हवा.

मग ढीग मोजा. गोल ढिगाचा घेर 44 मीटर भरला तर त्रिज्या 7 मीटर. उंची 4 मीटर असेल तर घनफळ 205 घनमीटर, 72 ब्रास. लांबट ढिगाला पायाची रुंदी गुणिले उंची गुणिले लांबी, भागिले दोन. सगळे ढीग मिळून 1,500 ब्रास भरले, तर 760 ब्रासचा फरक राहिला. तो रस्त्याच्या भरावाला गेला असेल, पावसात वहाळाला (ओढ्याला) मिळाला असेल, नाहीतर चिरे वहीतल्यापेक्षा जास्त गेले असतील. कारण कुठलंही असो, शोधणं भाग आहे. माल वहाळात गेला असेल तर दुरुस्ती खाणीपुरती राहत नाही, खालच्या शेतापर्यंत जाते.

खड्डा 4,275 ब्रासचा आणि हाताशी 1,500. तोही सैल, दोन पावसाळ्यांत दबून 1,300 च्या घरात येईल. उरलेलं बाहेरून आणायचं म्हटलं तर दोन ब्रासच्या डंपरच्या जवळपास दीड हजार खेपा, आणि ती माती दुसरा कुठलातरी डोंगर पोखरूनच येणार. खड्डा पूर्ण भरण्याचा नाद इथेच सोडावा.

माती: सोन्याच्या भावाची वस्तू

खाण सुरू करताना वरची माती बाजूला काढून ठेवलेली असेल तर तो ढीग सगळ्यात आधी ओळखून त्याभोवती दोरी बांधा. पोकलेनवाल्याला सगळे ढीग सारखेच दिसतात आणि भरावाच्या पहिल्याच दिवशी चांगली माती तळाला जाते. ओळखायची खूण: या ढिगावर रानमोडी, टाकळा, गवत दाट असतं आणि फावड्याचा घाव घातला की मुळांचे तंतू दिसतात. डबराच्या ढिगावर मात्र पावसाने वरून कडक पापडी धरलेली असते. ती फोडली की खाली नुसते तुकडे, आणि मुठीत दाबलं तर गोळा होत नाही.

प्रत्येक ढिगाच्या दोन चाचण्या जागेवरच करून घ्या. पहिली घमेल्याची: घमेलं भरून चाळणीतून काढा आणि वर राहिलेले खडे परत घमेल्यात ओता. अर्ध्यापेक्षा जास्त भरलं तर तो माल वरच्या थराला नको, खालच्या भरावाला चालेल. दुसरी बाटलीची. बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी, खळखळून हलवून कट्ट्यावर ठेवा. मिनिटभरात तळाशी बसते ती वाळू. पुढच्या दोन तासांत तिच्यावर पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी तांबडं-गढूळच असेल तर त्यात चिकणमातीचा अंश भरपूर आहे: पावसात वाहून निघाली की कुठल्याही बांधाने अडणार नाही, सरळ खालच्या कुणग्यात जाऊन भाताच्या रोपांवर बसेल. असा ढीग मे महिन्यातच झाकायचा किंवा हलवायचा.

प्रयोगशाळेचा नमुना वेगळा. आठ-दहा ठिकाणांहून इंग्रजी व्ही आकाराचा 20 सेंटिमीटर खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती काढा, एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीवर माती पसरलीत तर अहवालात स्फुरद भरघोस येईल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल. कोकणातल्या जांभ्या मातीचा सामू बहुधा 5 ते 6 च्या दरम्यान असतो. 5 च्या खाली आला तर लागवडीच्या महिनाभर आधी चुना. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याखाली असेल तर नुसत्या रोपांवर खर्च करू नका, आधी एक पावसाळा ताग घेऊन गाडा. जांभ्यातलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं. त्यामुळे सुपर फॉस्फेट फेकून उपयोग होत नाही, ते शेणखतात मिसळून मुळाजवळ द्यावं लागतं. आम्लधर्मी मातीत रॉक फॉस्फेटही लागू पडतं.

राहिला तळ. डंपर वर्षानुवर्षं फिरून तो सिमेंटसारखा झालेला असतो. सळी दोन्ही हातांनी, अंगाचा भार देऊन दाबा. वितभर तरी गेली तर पोकलेनच्या दातांनी 30 ते 45 सेंटिमीटर उकरता येईल. दोन बोटंही जात नसेल तर खाली अखंड चिरा आहे आणि प्रत्येक झाडाला ब्रेकरने खड्डा काढावा लागेल. दर 10 मीटरला सळी टोचून नकाशावर आकडा लिहा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण मशीनच्या तासांचा अंदाज यावरूनच येतो.

पाणी

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, पडलेला पाऊस जांभ्याच्या नळ्यांतून झिरपतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि डोंगराच्या पायथ्याला झऱ्यांतून बाहेर पडतो. वाडीची विहीर, पाण्याचा पऱ्या, आगरातली बाव, सगळं त्याच्यावर. चिरे काढले म्हणजे पाणी साठवणारा स्पंजच कापून नेला. म्हणून खाणीच्या खालच्या अंगाला अर्ध्या किलोमीटरच्या आतल्या सगळ्या विहिरी आणि झरे नकाशावर घ्या. प्रत्येक ठिकाणी वयस्कर माणसाला एकच विचारा: पूर्वी कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असायचं आणि आता कधी आटतं? ‘पाणी कमी झालं’ असं उत्तर घेऊ नका. होळी, गुढीपाडवा, अक्षय्यतृतीया अशी तिथी मिळवा.

खड्ड्याच्या भिंतीवर पावसाळ्याआधी ऑइलपेंटने दर 25 सेंटिमीटरला रेघ मारून आकडे टाका. ऑक्टोबरपासून दर रविवारी पातळी लिहायला जवळच्या एखाद्या घरातल्या मुलाला सांगा, आणि आकडे कड्यावरूनच वाचायचे, खाली उतरायचं नाही, हेही बजावा. कोकणात हिवाळ्यात-उन्हाळ्यात दिवसाला 4 ते 6 मिलिमीटर पाणी वाफ होऊन जातं, म्हणजे महिन्याला साधारण 15 सेंटिमीटर. पातळी महिन्याला 20 सेंटिमीटरच उतरत असेल तर तळ चिकणमातीवर टेकलाय आणि हा खड्डा तलाव म्हणून टिकेल. 60 सेंटिमीटर उतरत असेल तर पाऊण हिस्सा जमिनीत मुरतोय. अशा वेळी प्लास्टिक अंथरून शेततळं करायचा मोह होतो. खालच्या झऱ्याला तेच पाणी पोचत असेल तर अस्तर घालणं म्हणजे वाडीची विहीर आपल्या हाताने बंद करणं. मुरणारं पाणी वाया जात नाही. आधी ते कुठे निघतं ते पाहा.

आपल्या उदाहरणातल्या खड्ड्यावर 3,000 मिलिमीटर पाऊस धरला तर नुसतं वरून पडणारंच 60 लाख लिटर होतं. वरच्या सड्यावरून येणारं वेगळं. ते अडवायला वरच्या अंगाला चर लागतो, आणि चराचं माप अंदाजाने ठेवू नये. तासाला 100 मिलिमीटरची सर आणि त्यातलं 80 टक्के वाहून येणार असं धरा. वरचं पाणलोट 1 एकर असेल तर सेकंदाला 90 लिटर. पाणी सेकंदाला साधारण मीटरभर वेगाने वाहील असा उतार दिला तर 45 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल चर पुरतो आणि वर थोडी जागा राहते. पाणलोट 2 एकर असेल तर हा चर पहिल्या मोठ्या सरीतच फुटेल, आणि फुटतो तो नेहमी खड्ड्याच्या बाजूला. चराचं तोंड कुठे सोडणार तेही आत्ताच ठरवा: नैसर्गिक पऱ्यात, तिथे मोठ्या दगडांची पिचिंग करून, म्हणजे दगड घट्ट बसवून. शेजाऱ्याच्या काजूत सोडलंत तर भांडण तुमच्याच दारात येईल.

जिथे झाडं लावायचा विचार आहे तिथे मुरण्याची चाचणी हवीच. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरून एकदा जिरू द्या, मग दुसऱ्यांदा भरून वेळ लावा. 24 तासांनीही पाणी असेल तर तिथे काजू नको. काजू कातळावर जगतो, उन्हात जगतो, पण पाय पाण्यात राहिले की दुसऱ्या पावसाळ्यात वरून वाळत येतो. लोक रोपाला दोष देतात, नर्सरीला दोष देतात.

कडे

जांभा हवेला लागला की कडक होतो, म्हणून उभी भिंत वर्षानुवर्षं उभी राहते आणि माणूस निर्धास्त होतो. पडतं ते वरचं मातीचं टोपण आणि तळाचा मऊ थर खाल्ला गेल्यावर लटकलेला चिरा. कड्यापासून मागे, जमिनीच्या अंगाला, खोलीइतक्या अंतरात समांतर भेग शोधा; 6 मीटर खोल असेल तर 6 मीटरच्या आत. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून मधलं अंतर लिहून ठेवा, पावसात पुन्हा मोजा. वाढलं तर ती बाजू ढासळवूनच टाकायची, वाचवायची नाही. भिंतीखाली उभं राहून मोजमाप करू नका, विशेषतः सरी थांबून कडक ऊन पडल्यावर.

सैल माती, मुरूम, डबर यांचा उतार 45 अंशांपेक्षा तीव्र नको, नाहीतर दीड मीटरपेक्षा उंच नसलेले टप्पे हवेत, असं मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, 1961 सांगतं. ते चालू खाणीसाठी. कायमच्या उतारावर गवत धरायचं तर कोकणच्या पावसात 1 उभा 2 आडवा, म्हणजे 26-27 अंश ठेवावा. त्याहून तीव्र असला की बी आणि माती दोन्ही पहिल्याच मिरगात खाली.

आता हिशेब बसवून पाहू. 6 मीटर भिंतीला 1:2 चा भराव टेकवायला दर मीटर लांबीला 36 घनमीटर, जवळजवळ 13 ब्रास माल लागतो. चारही बाजू 180 मीटर, म्हणजे 2,290 ब्रास: नाही जमणार. वाट आणि वाडी ज्या अंगाला आहे त्या दोन बाजू घेतल्या तर 1,145. गुरं किंवा मूल आत पडलं तर बाहेर निघायला 4 मीटर रुंद, 1:4 उताराची एक वाट आणखी 102. झाले 1,247, आणि दबलेला माल 1,300. काठोकाठ. उरलेल्या दोन बाजूंना गडगा (दगड रचून केलेलं कुंपण), कंबरेच्या वर उंच, कड्यापासून किमान 3 मीटर मागे, फुटक्या चिऱ्यांचाच. काटेरी तार लावण्यापेक्षा गडगा बरा. तारेचे खांब रातोरात दुसऱ्याच्या कुंपणाला लागतात.

भराव टाकताना क्रम चुकला की सगळं वाया जातं. मोठे तुकडे तळाला, मग बारीक डबर, मग 15-20 सेंटिमीटर मुरमाचा दाबलेला थर, आणि शेवटी माती. मुरमाचा थर गाळला तर माती डबराच्या फटींतून आत उतरते. दोन पावसाळ्यांत वर पुन्हा दगड उघडे पडतात आणि माती गेली कुठे कळत नाही.

कुठला तुकडा कशाला

सगळ्या जागेला एकच उपाय ठरवू नका. नकाशावर तुकडे पाडा. भरलेल्या दोन उतारांचा पृष्ठभाग साधारण 1,200 चौरस मीटर. त्यावर 15 सेंटिमीटर माती पसरायला 64 ब्रास लागते. चांगल्या मातीचा ढीग 40 ब्रासचाच असेल तर सगळीकडे पातळ फासू नका. बोटभर माती कुठेच टिकत नाही. उताराला आडवे मीटर-दीड मीटरचे पट्टे करून तेवढ्यातच पूर्ण जाडीने भरा आणि पट्ट्याच्या खालच्या काठाला वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली जातात, माती धरतात. मधल्या मुरमात गिरिपुष्पाच्या काठ्या रोवा. करवंद आणि तोरण तर पक्ष्यांच्या कृपेने आपोआप येतातच.

तळाचा उरलेला 1,090 चौरस मीटर भाग पाणी धरत नसेल तर 7 बाय 7 मीटरवर 22 काजू बसतात. कातळात मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे घेतले तरी माती 8 ब्रासच लागते. तोच तळ दोन फूट मातीने भरायचा म्हटलं तर 230 ब्रास. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 ही कलमं या पट्ट्यातली सवयीची. तळ पाणी धरत असेल तर काजू विसरा: तो तुकडा पाण्याला सोडा आणि काठावर जांभूळ, करंज लावा. ऑस्ट्रेलियन बाभळीची शिफारस अजूनही होते, कारण ती झपाट्याने हिरवी दिसते आणि फोटो चांगला येतो. तिचा पाला कुजता कुजत नाही, गुरं खात नाहीत, खाली गवत धरत नाही. चाऱ्याची अट पुरी करायची असेल तर ती कामाची नाही.

खाणीला लागून असलेला न फुटलेला सडा हा वेगळाच तुकडा, त्याला हात लावायचा नाही. उघडा कातळ म्हणजे पडीक, अशी समजूत करून त्यावर माती टाकली जाते. पावसात याच कातळावर सीतेची आसवं, दिपकाडी, गेंद फुलतात. मातीचा थर टाकला की त्यांची जागा रानमोडी घेते. आणि कातळशिल्पं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली बारसू, उक्षी, देवीहसोळ, कुडोपी अशी ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, पण न नोंदलेली रेघ कुठल्याही सड्यावर असू शकते. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर, सूर्य तिरपा असताना सगळा सडा एकदा चालून घ्या. भर दुपारी उथळ खोदकाम दिसत नाही.

एक गोष्ट कुठल्याच तुकड्यात बसत नाही: कचरा. फुकट भराव म्हणून कुणी बाजाराचा, मासळीचा, प्लास्टिकचा कचरा टाकायची तयारी दाखवेल. जांभ्याच्या नळ्या गाळणी नव्हेत. वरचं घाण पाणी न गाळता झऱ्यापर्यंत जातं.

मे महिन्यात सळ्या, ऑक्टोबरात आकडे

मोजणीचे आकडे कितपत खरे ते पाऊस सांगतो. आगोटीच्या आधी प्रत्येक ढिगावर आणि उतारावर पाच-सहा सळ्या ठोका, अर्धा मीटर वर राहील अशा, आणि जमिनीलगत रंगाची रेघ मारा. खालच्या अंगाला, चराच्या तोंडाशी, 2 बाय 1 मीटरचा मीटरभर खोल गाळखड्डा काढा. जुलैच्या फेरीत तो भरलेला दिसला तर लगेच उपसायचा, ऑक्टोबरची वाट बघायची नाही. भरलेला गाळखड्डा पुढचा सगळा गाळ सरळ खाली सोडतो. उपसलेला गाळ फेकू नका, वाळ्याच्या पट्ट्यात टाका.

ऑक्टोबरात रेघ जमिनीच्या किती वर आली ते मोजा. एका गुंठ्यावर 1 सेंटिमीटर माती गेली म्हणजे 1 घनमीटर, ब्रासच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. उतारावर सरासरी 1 सेंटिमीटरच्या आत असेल तर वाळा धरतोय, फक्त मेलेल्या रोपांच्या जागा भरा. 3 सेंटिमीटरच्या वर गेलं तर आधी चर तपासा. बहुतेक वेळा उतार किंवा गवत चुकलेलं नसतं, वरचा चर कुठेतरी पानापाचोळ्याने तुंबून एका जागी फुटलेला असतो, आणि सळीच्या आकड्यांवरून ती जागा बरोबर सापडते.